इतर अधिकारातल्या मावशी

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा रानातला सण, दोन-तीन दिवसांवर आली होती. माझं प्रॅक्टिकल दुपारून होतं म्हणून सकाळी घरीच होते, मागं कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात गेटची कडी वाजली. बघते तर एक म्हातारी. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि चप्पल गेटच्या बाहेरच काढून ठेवलेली. मी तिच्यासमोर चार फुटांवर उभी, खांद्यावर ओला टॉवेल, आणि ती मलाच विचारते, "बाई, घरात कोणी हाय का?" मी पण सहज बोलून गेले, "नाही मावशी, साहेब ऑफिसला गेलेत, संध्याकाळी या." ती "बरं माय" म्हणाली, चप्पल पायात सरकवली आणि गेली. टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला, आणि मग हसू यायला लागलं. कारण घर माझ्या नावावर आहे. खरेदीच्या इंडेक्स टूवर मी, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठला मी, लाइट बिलावर मी. आणि घरात कोणी आहे का तर म्हणे साहेब ऑफिसला गेलेत.

संध्याकाळी ती परत आली. ह्यांनी चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाली, पायरीवर बसली. तिला येळवशीच्या पूजेसाठी आमच्या घराच्या मागच्या जागेत पांडवाचे पाच खडे मांडायचे होते. "हितं आमची हीर व्हती, हिरीच्या कडंला लिंब. लिंबाखाली मांडायचाव आमी. लई नाही लागत, घटकाभर बसते अन् जाते." हे म्हणाले, "हिला विचारा मावशी, घर हिच्या नावावर आहे." तर म्हातारी इतकी हसली की दात दिसले, तिला वाटलं साहेब बायकोची थट्टा करलालेत.

मी या म्हणाले. पण तिच्या मागं गेट लावताना डोक्यात काहीतरी वळवळत राहिलं, आणि रात्री कपाटातून घराची फाइल काढली.

आम्ही लातुरात बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. ट्यूशन एरियाच्या जवळ, म्हणजे ज्या भागात दर दुसऱ्या घरावर "मुलींसाठी रूम मिळेल" अशी पाटी असते आणि भाडं जूनमध्ये ठरतं. घरमालकाला आमच्यासारख्या कुटुंबापेक्षा नीटची तयारी करणाऱ्या सहा पोरी परवडतात, हे त्याचं गणित बरोबरच होतं, आम्हाला फक्त ते दर जूनला ऐकावं लागायचं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही तिथंच होतो. टाक्यांपाशी भांडणं नको म्हणून जमावबंदी लावलेली, लोक स्टेशनवर गाडीचे फोटो काढायला गेले होते, आणि मी आंघोळीचं पाणी टबमध्ये उभं राहून साठवून तेच फरशीला वापरत होते. तेव्हाच ठरवलं की जिथं स्वतःचा बोअर असेल तिथं घर घ्यायचं, मग ते शहराच्या बाहेर का असेना. बाहेर म्हणजे तरी किती, आता आम्ही राहतो ते गाव शिवाजी चौकापासून स्कुटीवर वीस मिनिटं. गावाचं नाव लिहीत नाही, आधीच प्लॉटचे रेट डोक्यावरून चाललेत.

हे काही नवीन वसलेलं गाव नाही. वेस आहे, वेशीजवळ मारुती आहे, पार आहे, पाराच्या मागं पडक्या वाड्याची एक भिंत आहे ज्यावर आता एका क्लासेसची जाहिरात रंगवलीय. जुनी वस्ती त्याच्या भोवती घट्ट बसलेली आणि तिच्या चारी बाजूंनी प्लॉटिंग. गावातले लोक आम्हाला "प्लॉटिंगवाले" म्हणतात आणि आम्ही त्यांना "गावातले". एकाच ग्रामपंचायतीचे मतदार, एकाच गिरणीत दळण, पण वेगळे. त्यात आमच्या कॉलनीतले निम्मे लोक औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर तालुक्यातून लेकरांच्या शिक्षणासाठी आलेले, म्हणजे सगळे कुठल्या ना कुठल्या गावातलेच. इथं येऊन मात्र सगळ्यांना आपण शहरात राहतो असं वाटतं.

घर बघायला सुरुवात केली तेव्हा मला एवढंच माहीत होतं की सातबारा बघायचा असतो. मग वकिलांनी एकेक कागद सांगायला सुरुवात केली. एनए ऑर्डर, मंजूर लेआउट, फेरफार, तीस वर्षांचा सर्च. आणि आपल्या मराठवाड्यात त्याच्याही मागं जावं लागतं. खासरा पाहणी पत्रक काढा, इनामाची आहे का बघा, कुळाची नोंद आहे का बघा, वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर हात लावू नका. निजामाच्या काळातला एखादा कागद उर्दूत निघाला तर तो वाचणारा माणूस शोधा. ओळखीच्या एका मॅडमनी गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउट नसताना गुंठ्या-गुंठ्यानं विकलेला, प्लॉट स्वस्तात मिळतो म्हणून घेतला होता, नुसत्या बॉण्डपेपरवर. बँकेनं दारातूनच परत पाठवलं, आणि जुलै 2021 च्या परिपत्रकानंतर तर एक-दोन गुंठ्यांची रजिस्ट्रीच बंद झाली. त्या पुढंही त्या प्लॉटवर महाशिवरात्रीला नारळ फोडून यायच्या, बाकी काही करता येत नव्हतं.

आम्ही घेतलं ते रो हाऊस. मागं पाच-सहा फूट जागा, पुढं एक गाडी कशीबशी लागते, वर टाकी. 32 लाख. आमच्या घरात त्यावर बऱ्याच बैठका झाल्या, आणि "कुणाच्या नावावर" हा विषय मात्र पाच मिनिटांत संपला. 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे आमचे 32 हजार वाचत होते. सासऱ्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि म्हणाले, सूनबाईच्या नावावर करा. त्या वेळी त्याला एक अटपण होती, ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. हे ऐकून सासऱ्यांचा चेहरा जरा उतरला होता. ती अट 2023 मध्ये सरकारनं काढून टाकली, ती बातमी पेपरात सगळ्यात आधी त्यांनीच वाचली आणि मला मोठ्यानं वाचून दाखवली. मनात काही नसावं त्यांच्या. हप्ता दोघांच्या पगारातून निम्मा-निम्मा जातो, तरी कुणी विचारलं तर मीच सांगते, ह्यांनी घर घेतलं.

तर ती फाइल. सर्च रिपोर्टमध्ये वकिलांनी जमिनीची अख्खी कुळकथा दिलेली असते, घेताना मी ती वाचली होती पण बँकेचा माणूस वाचतो तशी, काही अडचण नाही ना एवढंच बघत. आता सावकाश वाचली. बाप वारला, वारसा फेरफार झाला, मुलाचं नाव कब्जेदार म्हणून लागलं, तीन बहिणींची नावं सातबाऱ्यावरच्या "इतर अधिकार" या रकान्यात. काही वर्षं तशीच. मग लेआउट पडायच्या आधी एकाच दिवशी, हक्कसोड पत्राने बहिणींची नावं कमी. सोबत जोडलेल्या झेरॉक्सवर तीन अंगठे. दोन पसरलेले, शाई जास्त झालेली. तिसरा एकदम स्वच्छ, रेघ न् रेघ दिसणारा. त्या तीनपैकी एक नाव आमच्या मावशीचं.

वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीनं मुलीचा हक्क कायद्यानं महाराष्ट्रात 1994 ला आला, देशभर 2005 ला. तो हक्क आला म्हणूनच तर बिल्डर आणि बँका बहिणींच्या सह्या मागतात, नाहीतर कोण विचारत होतं. हक्क मिळाल्याचा पहिला उपयोग काय, तर तो सोडायला रजिस्ट्री ऑफिसला जाणं. माझ्या आईनंपण सोडलाय. मामानं जीप केली होती, येताना औशाला सगळ्यांनी भजी खाल्ली, आई अजून त्या दिवसाबद्दल ट्रिपसारखं बोलते. मी तिला कधी टोचून विचारलं नाही. एकतर मामा दर दिवाळीला येतो, आणि आई म्हणते, हिस्सा घेतला असता तर दार बंद झालं असतं. दार उघडं ठेवायची किंमत दोन एकर, हे बरोबर की चूक मला ठरवता येत नाही. एक मात्र आहे, त्या बहिणींनी अंगठे दिले नसते तर माझं टायटल क्लिअर झालं नसतं, आणि बँकेनं लोन दिलं नसतं. मी ज्या फरशीवर बसून हे टाइप करतेय ती फरशी त्या अंगठ्यांवरच बसलेली आहे.

घर म्हटलं की मला अजून माळवद आठवतं. औसा तालुक्यातलं आमचं गाव, किल्लारीपासून लांब नाही. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडाची जंतं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, उन्हाळ्यात आत गेलं की अंग गार व्हायचं आणि पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात पातेलं ठेवायचं हे घरातल्या प्रत्येकाला पाठ. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या आत भूकंपानं ते सगळं हललं. मी लहान होते, मला आठवतो तो आवाज आणि नंतर तोंडात गेलेली माती. आमच्याकडं कुणी गेलं नाही, भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून. आत पडली असती तर वरची ती गार माती आमच्या छातीवर आली असती, किल्लारीत आणि सास्तूरला तेच झालं. नंतर बरीच वर्षं आई छताखाली झोपायची नाही. पत्र्याचं शेड झालं, मग दोन खोल्या आरसीसीच्या झाल्या, तरी बाई अंगणात. म्हणून हे रो हाऊस घेताना मी टाइल्स, किचन ओटा काही बघितलं नाही, बिल्डरला एवढंच विचारत राहिले की कॉलम किती, रिंगा किती अंतरावर. तो वैतागून म्हणाला, मॅडम तुम्ही इंजिनिअर आहात का. आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा हॉलमधून वर स्लॅबकडं बघत म्हणाली, "पडला तर आख्खाच पडंल न्हवं ह्यो?" आणि अंथरूण पोर्चमध्ये टाकलं.

राहायला मात्र हे गाव चांगलं आहे. सकाळी मारुतीच्या देवळातला भोंगा काकडा लावतो, त्याची कॅसेट कुठंतरी घासलेली असावी, एका ठरावीक अभंगाला आवाज लांबतो आणि माझी मुलगी अंथरुणातूनच तो लांबलेला आवाज काढते. ऑक्टोबरात सोयाबीनची रास सुरू झाली की दोन कॉलन्यांच्या मधे जी काही रानं राहिलीत तिथून भुसकट उडतं आणि धुतलेल्या कपड्यात, दुधाच्या पातेल्यावर, गळ्यात, सगळीकडं बसतं, खाज सुटते. पहिल्या वर्षी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावर मोठी चर्चा झाली, ग्रामपंचायतीत तक्रार द्यायची का. शेवटी निलंग्याकडच्या एका काकांनी लिहिलं की आपण त्यांच्या रानात आलाव, ते आपल्या कॉलनीत नाही आले. त्यावर कुणी काही बोललं नाही, नुसते अंगठे आले.

बोअरचं सांगायचं राहिलं. पाचशे फुटांवर पाणी आहे म्हणून बिल्डरनं दाखवलं होतं आणि ते खरं होतं, फेब्रुवारीपर्यंत. आजूबाजूला जसजसे बोअर पडले तसतसा आमचा फुसफुसायला लागला. आता मार्चपासून टँकर. म्हणजे ज्या कारणानं लातूर सोडलं ते कारण आमच्या मागं मागं इथपर्यंत चालत आलं. टँकरवाला गावातलाच, आणि जिथून भरून आणतो ती विहीर ज्यांची, त्यांनी म्हणे रान विकताना विहीर तेवढी राखून ठेवली. हुशार माणूस.

येळवशीला सकाळी लातूर रिकामं होतं हे बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही. जिल्ह्याला सुट्टी असते, दुकानं बंद, गंजगोलाईच्या बाजारपेठेत सायकल लावून झोपलं तरी चालेल. ज्याला रान आहे तो रानात आणि ज्याला नाही तो कुणाच्या तरी रानात. आम्हीपण दरवर्षी आईकडं जातो, त्या वर्षी मावशीला शब्द दिला म्हणून दुपारी निघायचं ठरवलं.

ती नातीला घेऊन आली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात आंबिलाचं लोटकं, भज्जीचं, म्हणजे शेंगा-भाज्यांच्या मिश्र भाजीचं, पातेलं फडक्यात बांधलेलं, बाजरीचे उंडे. कोप, म्हणजे कडब्याची खोप, करायला जागा नव्हती, आणि कडबा तरी कुठला, गावात आता सगळीकडं सोयाबीन नाहीतर ऊस. तिनं कुणाकडून तरी ज्वारीची पाच धाटं मागून आणली होती, ती आमच्या कंपाउंडच्या भिंतीला तिरकी टेकवली आणि वर स्वतःची शाल टाकली. पाच खडे चुन्यानं रंगवलेले, ते पिशवीतून काढून पेव्हर ब्लॉकवर मांडायला गेली तर बसेनात, ब्लॉकला उतार आहे ना, पाणी जावं म्हणून. एक खडा घरंगळायचा. नातीनं मोबाइलच्या कव्हरमधून कसलातरी घडी घातलेला कागद काढून खाली सारला, तेव्हा तो बसला. मावशीनं प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं. उजव्या हाताचा अंगठा चुन्यानं पांढरा झालेला, आणि मी काय बघत होते ते मलाच कळून जरा कसंतरी झालं.

मग आंबील शिंपडायची होती. रानात माणूस कडेकडेनं पळत जातो, इथं पळायला सहा फूट. तिनं नातीला पुढं घातलं, आणि स्वतः "ओलगे ओलगे, सालम पलगे" म्हणत आमच्या घराच्या भोवती निघाली. मागून बाजूला, बाजूनं पोर्चमध्ये, ह्यांच्या गाडीला वळसा घालून परत मागं. आवाज म्हातारीचा पण खणखणीत. शेजारच्या गच्चीवरून अहमदपूरच्या वहिनींनी तोच पुकारा परत दिला, मग पलीकडच्या रो हाऊसमधून कुणीतरी दिला. ज्यांना त्या दिवशी गावाकडं जाता आलं नव्हतं असे इतके लोक कॉलनीत होते हे मला माहीतच नव्हतं.

भज्जी खाताना ती बोलली, कुणी विचारलं नाही तरी. भावानं हे रान विकून रेणापूरच्या पुढं तिप्पट घेतलं, पाण्याचं आहे, ऊस लावलाय. येळवशीला सगळे तिकडं जातात फोर व्हीलरनं. "मला बी ये म्हनतेत. पर तिथली माती माझ्या वळखीची न्हाई बाई." तिला गावातच दिलेली, नवऱ्याला जमीन नव्हती, म्हणून लग्नानंतरही येळवस बापाच्याच रानात. हीर कुठं होती ते तिनं बोटानं दाखवलं, ती बरोबर आमच्या सेप्टिक टँकवर आली. मी अंगठ्याचं विचारलं, राहवलं नाही. तर म्हणाली, "दिला की. भाऊच हाय माझा. लुगडं घेतलं त्यानं तिघींना, चांगलं व्हतं, अजून हाय." आणि मग आजूबाजूला नीट बघत, आमची टाकी, पाइप, वॉशिंग मशीनचं कव्हर, सगळं बघून झाल्यावर: "तुमच्या नावावर हाय म्हंता ते खरंच व्हय?" मी हो म्हणाले. "मग कुणाला अंगठा देऊ नका."

हे ती हसत म्हणाली की तशीच, मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. ह्यांनी ऐकलं आणि उंडा जरा जास्तच वेळ चघळला.

त्यानंतर कॉलनीत एक नवीनच विषय निघाला. लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडलेली आहे, कागदावर बगीचा, प्रत्यक्षात बाभळी आणि वाळूचा ढीग. वहिनींचं म्हणणं, पुढच्या वर्षी तिथं सगळ्यांनी मिळून कोप करू, मावशीला तिथंच बोलावू. लगेच एक जण म्हणाला मग कायमचा ओटाच बांधू. दुसऱ्यानं विचारलं ओटा बांधल्यावर देऊळ होणार, देऊळ झालं की भोंगा येणार, त्याचं काय. तिसऱ्याला तिथं पार्किंग पाहिजे. हे म्हणाले आधी ती जागा ग्रामपंचायतीकडं हस्तांतरित झालीय की अजून बिल्डरच्याच नावावर आहे ते बघा, त्यावर सगळे गप्प झाले कारण कुणी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं उतारा मी काढते. ह्याच्यावर रविवारी आमच्या पोर्चमध्ये मीटिंग बसली होती, पाणी वाटून झालं होतं, निलंग्याचे काका वहीत मुद्दे लिहून घेत होते, दोन नंबरच्या मुद्द्यावर आवाज चढायला लागले, आणि तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. काकांनी पेन वहीत घातलं आणि सगळे आपापला पाइप ओढायला पळाले.